सातव्या दिवसाचा धर्म

एखाद्या अपरिचित धर्माची ओळख करून घेताना आपण प्रथम विचारतो की, त्या धर्माचे लोक काय करतात? उपासना कोणाची करतात, ग्रंथ कोणता वाचतात, सण कोणते पाळतात? यहुदी अर्थात ज्यू धर्माच्या बाबतीत हाच प्रश्न थोडा फिरवून विचारावा. हे लोक केव्हा थांबतात आणि कशापासून थांबतात? या प्रश्नाच्या उत्तरात त्या धर्माचे बरेचसे मर्म सामावलेले आहे. सहा दिवस काम आणि सातव्या दिवशी विराम, सहा वर्षे शेती आणि सातव्या वर्षी भूमीला विश्रांती, अशा सातांच्या गणतीवर या धर्माचे लौकिक जीवन उभे आहे. जगात आज यहुदी लोकांची संख्या सुमारे दीड कोटी आहे, म्हणजे एकट्या मुंबई महानगर प्रदेशाच्या वस्तीएवढीसुद्धा धड नाही. तरीही ख्रिस्ती आणि इस्लाम या दोन मोठ्या धर्मांची मुळे याच परंपरेशी जोडलेली आहेत. या सदराच्या सुज्ञ वाचकांना हा धर्म केवळ वर्तमानपत्रातील युद्धवार्तांमधून माहीत असावा, हे बरे नव्हे. म्हणून या अंकात त्याची थोडी निवांत ओळख करून घेऊ.

एक ईश्वर, एक करार

यहुदी धर्माचा पाया एकेश्वरवाद हा आहे. ईश्वर एकच असून तो निराकार आहे. त्याची मूर्ती वा प्रतिमा करावयाची नाही, अशी सक्त आज्ञा आहे. सकाळी व संध्याकाळी म्हणावयाच्या ‘शमा’ या प्रार्थनेत ईश्वराच्या याच एकत्वाची ग्वाही दिली जाते. ‘शमा’ या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘ऐक’. ही प्रार्थना लहान मुलाला सर्वांत आधी शिकवतात आणि मृत्युशय्येवरील माणसाच्या ओठी अखेरीस तीच असावी, अशी श्रद्धा आहे.

दुसरी मूळ कल्पना कराराची. ईश्वराने प्रथम अब्राहाम या आदिपुरुषाशी आणि पुढे सिनाय पर्वतावर मोशेच्या द्वारे संपूर्ण इस्राएल समाजाशी करार केला, अशी श्रद्धा आहे. करार म्हटला की दोन्ही पक्षांची कर्तव्ये आली. म्हणून या धर्मात नुसत्या श्रद्धेपेक्षा आचरणाला अधिक महत्त्व आहे. मोशेला मिळालेल्या दहा आज्ञा सर्वपरिचित आहेत. परंतु परंपरेने एकूण आज्ञा 613 मानल्या आहेत. त्यांपैकी 248 ‘करा’ असे सांगणाऱ्या आणि 365 ‘करू नका’ असे सांगणाऱ्या आहेत. निषेधांची संख्या वर्षाच्या दिवसांइतकी आहे, ही गोष्ट जुन्या पंडितांच्याही नजरेतून सुटली नाही.

मोशेच्या पाच ग्रंथांना ‘तोराह’ म्हणतात. प्रार्थनामंदिरात तोराह चर्मपत्राच्या गुंडाळीवर हाताने लिहिलेली असते आणि वर्षभरात क्रमाने तिचे संपूर्ण वाचन होते. तोराहबरोबर संदेष्ट्यांचे ग्रंथ आणि इतर लेखन मिळून यहुदी धर्मशास्त्र पूर्ण होते. परंतु लिखित आज्ञेचा व्यवहारात अर्थ कसा लावायचा, याची चर्चा पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आली होती. ती इसवी सन 200 च्या सुमारास रब्बी यहुदा हनासी यांनी ‘मिश्ना’ या ग्रंथात संकलित केली. मिश्नावरील पुढील तीनशे वर्षांच्या वादसंवादातून ‘तालमूद’ तयार झाला. तालमूदचे वैशिष्ट्य असे की, त्यात निर्णयाबरोबर अमान्य झालेली मतेही आदराने नोंदवलेली आहेत. मान्य न झालेले मतही जपून ठेवावे, असे मानणारी परंपरा विरळाच.

शब्बाथची सांज

यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. त्यामुळे त्यांचा पवित्र सातवा दिवस, ‘शब्बाथ’, शुक्रवारी मावळतीला येतो आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसेपर्यंत असतो. शुक्रवारी दुपारपासून घरात लगबग असते. झाडलोट, स्नान, स्वयंपाक, स्वच्छ वस्त्रे, पांढरा कपडा अंथरलेले मेज. सूर्यास्ताच्या सुमारे 18 मिनिटे आधी घरची गृहिणी किमान दोन दीप उजळते, हात डोळ्यांवर धरते आणि आशीर्वचन म्हणते. त्या क्षणापासून शब्बाथ घरात आला. मग आईवडील मुलांच्या मस्तकावर हात ठेवून त्यांना आशीर्वाद देतात. द्राक्षरसाच्या प्याल्यावर प्रार्थना होते. मेजावर दोन विणीदार पाव झाकून ठेवलेले असतात. अरण्यातील भटकंतीत आकाशातून मिळणारे अन्न शुक्रवारी दुप्पट पडत असे, ही कथा त्या दोन पावांमागे आहे. शनिवारी रात्री निरोपाचा छोटा विधी होतो. द्राक्षरस, सुगंधी मसाल्याची डबी आणि पीळ घातलेली मेणबत्ती यांच्या साक्षीने पवित्र दिवस सरून साध्या दिवसांना प्रारंभ होतो. मसाल्याचा तो सुगंध शब्बाथच्या वियोगाने खिन्न झालेल्या मनाला सावरण्यासाठी असतो, असे म्हणतात.

या दिवशी काम करायचे नाही. परंतु ‘काम’ म्हणजे नेमके काय? बँकेत ज्याने आयुष्यभर परिपत्रकांचा अर्थ लावला आहे, त्याला हा प्रश्न किती कळीचा आहे हे सांगावयास नको. मिश्नाने त्याचे उत्तर 39 कामांची यादी देऊन दिले आहे. नांगरणे, पेरणे, कापणे, मळणी, पाखडणे, दळणे, मळणे, भाजणे, लोकर कातरणे, सूत काढणे, विणणे, शिवणे, दोन अक्षरे लिहिणे, खोडणे, बांधणे, पाडणे, विस्तव पेटवणे, विझवणे, घरातील वस्तू सार्वजनिक जागेत नेणे, इत्यादी. यादी बारकाईने पाहिली तर लक्षात येते की, येथे श्रमाच्या मोजमापाला फारसे स्थान नाही. घरातल्या घरात जड खुर्ची सरकवली तर चालते, पण काडी ओढून दिवा लावलेला चालत नाही. ज्या कृतीने माणूस सृष्टीत काही बदल घडवतो, नवे काही निर्माण करतो, ती कृती सातव्या दिवशी थांबवायची. सहा दिवस जगावर आपली हुकमत चालवली. एक दिवस जग जसे आहे तसे राहू द्यायचे.

आजही सनातनी यहुदी घरांत शब्बाथला विजेचे बटण दाबत नाहीत, वाहन चालवत नाहीत, पैशाला हात लावत नाहीत, दूरध्वनी उचलत नाहीत. अन्न आदल्या दिवशीच शिजवून मंद आचेवर ठेवलेले असते. इस्राएलमधील अनेक इमारतींत उद्वाहन शनिवारी आपोआप प्रत्येक मजल्यावर थांबत जाते, म्हणजे कोणाला कळ दाबावी लागू नये. सुधारणावादी पंथाचे यहुदी एवढे कडक नियम पाळत नाहीत. पण शुक्रवारचे दीप आणि एकत्र भोजन त्यांच्याही घरी असते.

मालकाबरोबर बैलालाही सुटी

या विश्रांतीची कारणे तोराहमध्ये दोन ठिकाणी दोन दिली आहेत, आणि ती दोन्ही मननीय आहेत. एका ठिकाणी म्हटले आहे की, ईश्वराने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली आणि सातव्या दिवशी विराम घेतला, म्हणून तुम्हीही घ्या. दुसऱ्या ठिकाणी मात्र कारण ऐतिहासिक आहे: तुम्ही मिसर देशात गुलाम होता, याचे स्मरण ठेवा. गुलामाला सुटी नसते. ज्याला आपल्या वेळेवर हक्क आहे तोच स्वतंत्र. म्हणून सातवा दिवस हा स्वातंत्र्याचा दिवस आहे.

आणि म्हणूनच आज्ञा घरच्या मालकापाशी थांबत नाही. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझे गाढव आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका, या सर्वांना विश्रांती मिळाली पाहिजे, असा तिचा आशय आहे. प्राचीन जगात राजे व श्रीमंत विश्रांती घेतच होते. दासाला आणि बैलाला ठरावीक दिवशी विश्रांतीचा धर्मसिद्ध हक्क देणे ही मोठीच गोष्ट होती. स्वतः गादीवर रेलून नोकराला राबवणे म्हणजे शब्बाथ पाळणे नव्हे.

नियम इतका कडक असला तरी त्याच्याहून श्रेष्ठ एक तत्त्व आहे. जीव वाचवणे हे शब्बाथपेक्षा मोठे. इसवी सनापूर्वी 167 च्या सुमारास ग्रीक राजा अँटिओकस याच्या धर्मछळाविरुद्ध यहुदींनी बंड केले. तेव्हा रानातील गुहांत लपलेल्या एका समूहावर सैन्याने मुद्दाम शनिवारी हल्ला चढवला. त्या लोकांनी शब्बाथ मोडू नये म्हणून हात उचलला नाही आणि स्त्रिया-मुलांसह सगळे मारले गेले. हे ऐकून बंडाचा नेता मत्तथिया आणि त्याचे सहकारी यांनी ठरवले की, पुढे शब्बाथच्या दिवशी हल्ला झाल्यास प्रतिकार करायचा. अन्यथा धर्म पाळायला कोणी उरणारच नाही. पुढील धर्मपंडितांनी हेच सूत्र व्यापक केले. रुग्णासाठी, प्रसूतीसाठी, ढिगाऱ्याखाली सापडलेल्या माणसासाठी शब्बाथ मोडणे क्षम्य आहे एवढेच नाही, ते कर्तव्य आहे. आणि जीव वाचण्याची केवळ शक्यता असली तरीही आहे.

मंदिर गेले, घर राहिले

जेरुसलेमचे पहिले मंदिर बॅबिलोनच्या सैन्याने इसवी सनापूर्वी 586 मध्ये आणि दुसरे रोमन सैन्याने इसवी सन 70 मध्ये उद्ध्वस्त केले. ज्या धर्माचे सारे यज्ञविधी एकाच मंदिराशी बांधलेले होते, तो धर्म खरे तर तेथेच संपायचा. रब्बी योहानान बेन झकाय यांनी याव्ने या गावी विद्यापीठ उभारले आणि यज्ञाची जागा प्रार्थनेने, अध्ययनाने व परोपकाराने घेतली. पुरोहिताऐवजी ‘रब्बी’ म्हणजे गुरू आला. सनातनी रीतीप्रमाणे दहा प्रौढ पुरुष जमले की सामुदायिक प्रार्थना होऊ शकते. तिला भव्य वास्तू लागत नाही. घरातील जेवणाचे मेज हीच वेदी झाली.

म्हणूनच आहाराचे नियम महत्त्वाचे. चौपायांपैकी दुभंगलेल्या खुरांचे व रवंथ करणारे प्राणीच खाण्यास योग्य, माशांपैकी खवले व पर असलेलेच योग्य, रक्त सर्वथा वर्ज्य. मांस आणि दूध एकत्र करायचे नाही. त्यासाठी भांडीसुद्धा वेगळी ठेवतात. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, या तोराहमधील आज्ञेतून हा सारा विस्तार झाला.

सणांची गणना चांद्रमासांनी होते. पण ऋतूंशी मेळ राहावा म्हणून 19 वर्षांत सात अधिक मास धरतात. आपल्या पंचांगाशी परिचित असलेल्यांना ही व्यवस्था ओळखीची वाटेल. वसंतातील ‘पेसाह’ हा मिसरच्या दास्यातून सुटकेचा सण. त्या आठवड्यात घरात आंबवलेल्या धान्याचा कणही ठेवत नाहीत, आणि पहिल्या रात्रीच्या भोजनात घरातील सर्वांत लहान मुलाने प्रश्न विचारायचे व थोरांनी मुक्तीची कथा सांगायची, अशी रीत आहे. शरद ऋतूत नववर्ष येते. त्यानंतर दहाव्या दिवशी ‘योम किप्पूर’, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. सुमारे 25 तासांचा निर्जळ उपवास असतो. माणसाने ईश्वराविरुद्ध केलेल्या पापांना या दिवशी क्षमा मिळते; माणसाविरुद्ध केलेल्या पापांना मात्र त्या माणसाची क्षमा मागितल्यावाचून मिळत नाही, असे मिश्नाने बजावले आहे. म्हणून आधीच्या दिवसांत लोक एकमेकांकडे जाऊन क्षमा मागतात. आपल्या क्षमापनेच्या दिवशी हे वाचणाऱ्याला त्या घरांचे दार परके वाटणार नाही.

जीवनसंस्कारही घराभोवतीच गुंफलेले आहेत. मुलाची सुंता आठव्या दिवशी. तेराव्या वर्षी मुलगा आणि बाराव्या वर्षी मुलगी धर्माज्ञांना जबाबदार होते. विवाह चार खांबांवरील छताखाली होतो आणि त्या वेळी वधूला ‘केतुबा’ नावाचा लेखी दस्तऐवज मिळतो. घटस्फोट वा वैधव्य आल्यास तिला किती रक्कम द्यावयाची, हे त्यात नोंदलेले असते. मृत्यूनंतर जवळचे नातेवाईक सात दिवस घरी खाली बसून शोक पाळतात आणि त्या काळात शेजारीपाजारी त्यांना अन्न आणून देतात. येथेही गणती सातांचीच.

सातवे वर्ष आणि सावकार

सातव्या दिवसाप्रमाणेच सातवे वर्ष. सहा वर्षे शेत पेरावे, सातव्या वर्षी ते पडीक ठेवावे आणि आपोआप उगवेल ते गरिबांनी व वन्य पशूंनी खावे, अशी तोराहची आज्ञा आहे. इस्राएलमध्ये 2021-22 हे असे वर्ष होते. पुढचे 2028-29 मध्ये येईल. सात वर्षांच्या सात आवर्तनांनंतर पन्नासावे वर्ष महोत्सवाचे. त्या वर्षी विकलेली वडिलार्जित शेती मूळ कुटुंबाकडे परत जावी, असा नियम होता. त्यामुळे जमिनीची किंमत ठरवताना पन्नासाव्या वर्षापर्यंत किती पिके निघतील ते मोजावे, असेही सांगितले आहे. व्यवहाराच्या भाषेत ही विक्री नसून मुदतीचा भाडेपट्टाच झाला. कोणतेही कुटुंब पिढ्यान्‌पिढ्यांसाठी भूमिहीन होऊ नये, हा त्यामागील हेतू उघड आहे.

सातव्या वर्षाची दुसरी आज्ञा मला अधिक विचारात पाडते. त्या वर्षाअखेर शेजाऱ्याला दिलेले कर्ज सोडून द्यावे. शिवाय सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरजू माणसाला कर्ज नाकारू नये, असा इशाराही तेथेच दिला आहे. मनुष्यस्वभाव कोठे घसरेल, हे आज्ञा देणाऱ्याने ओळखलेले होते. प्रत्यक्षातही तसेच झाले. सातवे वर्ष जवळ आले की धनिकांनी हात आखडता घ्यावा आणि गरिबाला बी-बियाण्यालाही पैसे मिळू नयेत, अशी स्थिती आली.

यावर पहिल्या शतकाच्या उंबरठ्यावर हिल्लेल या थोर पंडिताने तोड काढली. तिचे नाव ‘प्रोझबूल’. धनकोने आपली येणी न्यायमंडळाच्या स्वाधीन केल्याचा लेख करायचा. माफीची आज्ञा व्यक्तीच्या येण्याला लागू होती. न्यायालयात दाखल झालेले येणे माफ होत नसे. त्यामुळे धनकोचा पैसा सुरक्षित राहिला आणि ऋणकोला कर्जाचे दार पुन्हा उघडले. असा लेख जमिनीच्या तारणावरच होत असे. ऋणकोकडे जमीन नसेल तर धनकोने आपल्या शेतातील थोडीशी त्याला द्यावी आणि लेख पुरा करावा, इतपत सवलत मिश्नात आहे. आज्ञेला बगल दिली, असे कोणी म्हणेल. मला मात्र त्यात आज्ञेच्या हेतूची राखण दिसते. गरिबाला संरक्षण देणारा नियमच गरिबाच्या मुळावर येऊ लागला, तेव्हा हिल्लेलने गरिबाची बाजू घेतली.

आपल्याकडे 2008 ची केंद्र सरकारची, पुढे 2017 व 2019 ची महाराष्ट्र शासनाची कर्जमाफी झाली, तेव्हा प्रत्येक वेळी हाच दुहेरी पेच समोर होता. माफी न द्यावी तर बुडालेला माणूस वर येत नाही. वारंवार द्यावी तर पुढचे कर्ज देणाऱ्याचा हात कचरतो. दोन हजार वर्षांपूर्वी हा पेच धर्मसभेत मांडला गेला आणि त्यावर कागदी उपाय शोधला गेला, हे वाचून बँकेत हयात घालवलेल्या माणसाला अचंबा वाटल्यावाचून राहत नाही.

याच प्रकरणात मिश्नाने एक सुंदर शिष्टाचार सांगितला आहे. माफीनंतर ऋणको कर्ज फेडायला आला, तर धनकोने म्हणावे की, मी ते सोडले आहे. ऋणकोने ‘तरीही घ्या’ असे म्हटले, तर धनकोने ते स्वीकारावे. असे कर्ज फेडणाऱ्यावर ज्ञानीजन प्रसन्न असतात. कायद्याचे बंधन संपते तेथे माणसाची नीती सुरू होते, याचे याहून नेमके उदाहरण मला आढळले नाही. मुदतीच्या कायद्याने तीन वर्षांनी येणे कालबाह्य झाले, तरी आठवण ठेवून रक्कम आणून देणारे खातेदार मी नोकरीत पाहिले आहेत. संख्येने ते थोडे, पण त्यांच्यामुळेच बँकव्यवसाय माणसांचा वाटे.

तारणाविषयीचे नियमही असेच आहेत. गरजू स्वजनाकडून व्याज घेऊ नये. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्यास्तापूर्वी परत द्यावे; रात्री तो काय पांघरील? जाते किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नये. त्यावर घरचे पोट चालते. आणि तारण घेण्यासाठी ऋणकोच्या घरात शिरू नये. बाहेर उभे राहावे, त्याने आपल्या हाताने वस्तू आणून द्यावी. आपल्या 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार ऋणकोचे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची अवजारे यांवर जप्ती येत नाही. त्यामागचा विचार किती जुना आहे, हे यावरून ध्यानात येईल. वसुलीसाठी अनेक उंबऱ्यांबाहेर मी उभा राहिलो आहे. आत डोकावणारी लहान मुले आणि मान खाली घातलेला घरधनी ज्याने पाहिला आहे, त्याला ‘बाहेर उभे राहावे’ या तीन शब्दांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

दानालाही यहुदी परंपरेत ‘त्सेदाका’ म्हणतात आणि हा शब्द ‘न्याय’ या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. देणारा उपकार करत नाही, देणे चुकवतो. बाराव्या शतकातील महापंडित मैमोनिदीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. नाखुशीने दिलेले दान सर्वांत खालच्या पायरीवर. सर्वांत वरच्या पायरीवर भेट, कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला त्याच्या पायावर उभे करणे.

कोकणातले शनिवार तेली

हा धर्म महाराष्ट्राला परका नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यापाशी एक गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरागत कथा आहे. त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले. हळूहळू हिब्रू भाषा गेली. मराठी मायबोली झाली. गावांवरून पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर अशी आडनावे आली. तेल गाळण्याचा व्यवसाय त्यांनी पत्करला. परंतु शनिवारी घाणा बंद. आज्ञेप्रमाणे माणसालाही विसावा आणि घाण्याच्या बैलालाही. गावकऱ्यांनी त्यांना सरळ नाव दिले, ‘शनिवार तेली’.

पुढे दाविद राहाबी नावाचा एक यहुदी प्रवासी कोकणात आला आणि त्याने या लोकांना आपले धर्मबांधव म्हणून ओळखले, असे परंपरा सांगते. ओळखण्याच्या खुणा काय होत्या? शनिवारचा विसावा, ‘शमा’ ही प्रार्थना, मुलांची सुंता आणि खवले-पर नसलेला मासा न खाणे. ग्रंथ, गुरू आणि मंदिर यांतले काहीही हाताशी नसताना एवढ्या चार गोष्टींनी एक समाज आपली ओळख सांभाळून राहिला. 1796 मध्ये समाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत मांडवी भागात या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. पेसाहच्या भोजनाची पोथी 1874 मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. संकल्पपूर्तीच्या वेळी हे लोक पोहे, गूळ, नारळ व फळे यांचा ‘मलिदा’ करून संदेष्टा एलियाहूचे स्मरण करतात; विधी यहुदी आणि ताट अगदी कोकणी! 1937 मध्ये मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस याच समाजाचे. 1948 नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली, पण तेथेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. महाराष्ट्र शासनाने 2016 मध्ये यहुदी समाजाला अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. नोंद घेण्याजोगी गोष्ट ही की, भारतभूमीवर त्यांचा धर्मासाठी छळ झाला नाही, असे हा समाज आजही कृतज्ञतेने सांगतो.

आपली सुटी आणि आपल्या नोकराची

आठवड्याची सुटी आज आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की, ती कोणीतरी मागून मिळवली आहे हे आपण विसरतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांना झगडावे लागले. 1890 मध्ये ती मिळाली. ख्रिस्ती समाजाने रविवार पाळला तो यहुदी शब्बाथच्या वाटेनेच. म्हणजे गिरणगावातल्या त्या रविवारचा उगमही सिनायच्या आज्ञेपर्यंत नेता येतो. बँकांना दुसऱ्या व चौथ्या शनिवारची सुटी तर 2015 च्या सप्टेंबरपासूनची.

परंतु सुटी मिळणे वेगळे आणि थांबता येणे वेगळे. दुकानाचे दार ओढून घेतले तरी खिशातला दूरध्वनी गिऱ्हाईक घेऊन घरी येतो. जेवताना बापाच्या हातात तो असतो आणि मुलाच्याही. घर एकत्र असते, माणसे नसतात. निवृत्तीनंतर मोकळा वेळ मिळालेल्या आमच्यासारख्यांनाही थांबणे सहज जमते असे नाही. यहुदी परंपरा सांगते की, विश्रांती ही उरलेल्या वेळात घ्यायची वस्तू नाही. तिच्यासाठी आधी तयारी करावी लागते, दिवस ठरवावा लागतो, दीप लावावा लागतो, आणि ठरलेल्या घटकेला हातातले अर्धे काम खाली ठेवावे लागते.

व्यापारउदिमातील कुटुंबांना माझी एक विनंती आहे. शब्बाथच्या आज्ञेतील नावांची यादी पुन्हा एकदा मनाशी वाचावी: मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, परका. आणि मग आपल्या दुकानातील हरकाम्या पोऱ्या, घरी धुणीभांडी करणाऱ्या बाई, गाडी चालवणारा, रात्रीचा पहारेकरी यांना आठवड्यातून एक दिवस हक्काचा, पगार न कापता, न मागता मिळतो का, हे तपासावे. सणाच्या दिवशी आपल्या घरी पंगत असते तेव्हा त्या बाईंना दोन तास जास्त थांबावे लागते की त्या आपल्या घरी लवकर जातात, हेही पाहावे. आपल्या विसाव्याचा खरा हिशेब त्यांच्या हजेरीपटावर लिहिलेला असतो.

कोकणातल्या त्या तेल्यांकडे ग्रंथ उरला नव्हता. तरी शनिवारी त्यांच्या घाण्याचा बैल आज्ञेप्रमाणे दावणीला उभा राही, आणि त्यांचा धर्म तेवढ्यावरूनही ओळखू येई.